शिवणीतली माया

बाईचं अंग सुटायला लागलं की ते सगळ्यात आधी तिच्या टेलरला कळतं. नवऱ्याला नंतर कळतं आणि डॉक्टरला त्याच्याही नंतर. विरार पश्चिमेला, आगाशीच्या रस्त्यावरच्या एका गाळ्यात मी कितीतरी वर्षं लेडीज टेलरिंगचं दुकान चालवलं, तेव्हा हे मी अनुभवाने सांगते. नव्वद सालाच्या आसपास घरातच एका मशीनवर सुरुवात केली, पुढे गाळा घेतला, मदतीला दोन मुली ठेवल्या. गुडघे पायडल मारायला नाही म्हणू लागले तेव्हा बंद केलं. एके काळी दिवाळीच्या तोंडावर पाणी प्यायला फुरसत नसायची. आता दिवाळीत मी मोकळी असते, म्हणून लिहायला बसले. ठरवलं होतं की दुकानातल्या गमतीजमती लिहायच्या, पण लिहिता लिहिता सगळं आमच्याच घरावर येऊन थांबलं. मानसीला, माझ्या मुलीला, विचारलं की हे छापायला देऊ का. ती म्हणाली, दे, फक्त मला बारीक करून दाखवू नकोस.

ज्यांनी कधी शिवण हातात धरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ब्लाउज अगदी मापाबरहुकूम कापत नाहीत. बाजूच्या शिवणींच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग भरलं की जुनी टीप उसवायची, थोडी कडेला नवी मारायची, ब्लाउज पुन्हा बसतो. कंजूष टेलर कापड वाचवतो आणि त्याचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं. माझा हात मायेच्या बाबतीत सढळ होता.

आणि बोलण्याचीही एक रीत असते. ब्लाउज घट्ट होतो म्हणून आलेली कुठलीही बाई ‘मी जाड झाले’ असं म्हणत नाही. ती म्हणते, धुतल्यावर आटला. पॉलिएस्टर आटत नाही हे तिलाही ठाऊक असतं आणि मलाही. मी म्हणायचे, हो, हल्ली कापडं अशीच येतात. इतर दुकानांत मास्तर मापाचे आकडे ओरडून सांगतात आणि बाकावर बसलेल्या सगळ्या बायका ते ऐकतात. माझ्या दुकानात आकडा कधी मोठ्याने उच्चारला गेला नाही. मी तो मनात ठेवूनच पडद्याबाहेर यायचे. त्यामुळे अंगाने भरलेल्या बायका लांबून माझ्याकडे यायच्या. शिवाय मी स्वतः चांगली जाड. माझ्यासमोर हात वर करून उभं राहायला त्यांना संकोच वाटत नसे.

एकदा नालासोपाऱ्याच्या एक बाई भावाच्या लग्नासाठी पैठणीवरचा ब्लाउज शिवायला आल्या. मी टेप काढला तर त्यांनी पिशवीतून त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळचा ब्लाउज काढून दिला आणि म्हणाल्या, याच मापाने शिवा, तोवर मी एवढी होणार आहे. मी समजावलं, पण त्या ऐकेनात. मी तसाच शिवला आणि आपली खबरदारी म्हणून भरपूर माया सोडली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्या आल्या, पडद्याआड गेल्या आणि बाहेर येईनात. आत डोकावले तर स्टुलावर बसून रडत होत्या. हुकपट्टीच्या दोन कडांमध्ये चार बोटांचं अंतर. बाहेर त्यांच्या सासूबाई मुलांना घेऊन बसल्या होत्या. बाईंनी माझा हात धरून एवढंच सांगितलं की त्यांना कळू देऊ नका. मी बाहेर येऊन सासूबाईंना म्हटलं की माझ्याच हातून हुकपट्टी उलटी लागली, अर्धा तास द्या. सगळी माया सोडवली, तरी पुरेना. मग त्यांनी बरोबर आणलेल्या पैठणीचं जे टोक कमरेला आत खोचलं जातं, त्याची पट्टी कापून ती मुंड्याखाली, काखेच्या बाजूला घातली. पदराखाली कुणाला दिसायची नाही अशी. लग्नाहून आल्यावर त्या मुद्दाम पेढे घेऊन आल्या. हा किस्सा मी कितीतरी वर्षं ऐटीत सांगायचे.

आता माझ्या माहेराबद्दल. वसईच्या खाडीकडच्या एका गावात आमचं घर. वडिलांची केळीची वाडी आणि थोडी भाताची जमीन. माझी आय वडिलांच्या बरोबरीने उजाडल्यापासून वाडीत राबायची. पाणी धरायची, केळीचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, डोक्यावरून वाहायची. त्या राबण्याला शोभेल असंच आमचं जेवण असायचं. सकाळी तांदळाची भाकरी आणि रात्रीचं कालवण, दुपारी भाताचा डोंगर आणि खोबऱ्याच्या रसातली कोळंबी, सणाला तळलेले वडे, आणि येताजाता तोंडात टाकायला उन्हात वाळवलेली राजेळी केळी. पाहुण्याने दुसऱ्यांदा भात नको म्हटलं की आयला तो आपला अपमान वाटायचा. ताटावर ती पहारा द्यायची. ‘जेवन टाकू नको गो बाय,’ हे वाक्य मी बोलायला शिकण्याआधी ऐकलं असेन.

मग बिल्डिंगा आल्या. नव्वदनंतर वाडी तुकड्या-तुकड्याने गेली. भाऊ कामणला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर म्हणून खुर्चीवर बसला, आय ओटीवर बसली, मी मशीनवर बसले. राबणं संपलं. ताट मात्र तेवढंच राहिलं, उलट त्यात श्रीखंडाचे डबे आणि फरसाण यांची भर पडली. आमच्यापैकी कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. आय म्हणायची, देवाने आता बसून खायचे दिवस दाखवले.

मानसी मुंबईच्या बाजूला वाढलेल्या इतर मुलींसारखी नव्हती. लहानपणापासून सगळ्या सुट्ट्या तिने आजीकडे काढल्या आणि प्रत्येक सुट्टीनंतर ती भरून यायची. शाळेच्या युनिफॉर्मची माया मी दर वर्षी सोडवायचे. नवा शिवताना आधीच मोठा शिवायचे. तिला कुठला कपडा कधी घट्ट झालाच नाही, त्यामुळे आपण वाढतोय हे तिला कपड्यांकडून कळलं नाही. ते तिला वर्गातल्या मुलींकडून कळलं.

ती बारा-तेरा वर्षांची असताना माझ्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. पंगतीची पद्धत जाऊन बुफे सुरू झाला होता. आय प्लास्टिकच्या खुर्चीवर ताट घेऊन बसली आणि त्या खुर्चीचे पाय एकदम चारी बाजूंना फाकले. आय ताटासकट खाली. आजूबाजूची माणसं आधी हसली, मग धावली. मी आइस्क्रीमच्या टेबलापाशी होते. मला जायला हवं होतं. पण त्या क्षणी मला असं वाटलं की मी तिकडे गेले तर सगळे माझ्याकडेही बघतील आणि मग मानसीकडे. मी पाठ फिरवून आइस्क्रीमची वाटी उचलली. वळले तेव्हा मानसी माझ्याकडे बघत होती. तोवर आय उठली होती. खुर्चीला नावं ठेवून, पदर झटकून ती दुसरं ताट घ्यायला गेलीसुद्धा. आयला लाज अशी वाटतच नसे. तिच्या वाटची लाज मीच वाहत होते. त्यानंतर मानसी कुठल्याही लग्नाला आली नाही.

पुढे तिने मला माप घेऊ देणं बंद केलं. कॉलेजात गेल्यावर म्हणाली की सगळ्या मुली रेडीमेड घालतात, मीही घेणार. विरार स्टेशनसमोरच्या एका मोठ्या दुकानात गेली. तिथल्या पोरीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की तुमची साइज वर मिळेल, मम्मींच्या सेक्शनमध्ये. मानसी रिकाम्या हाताने घरी आली नाही. येताना तिने ड्रेस मटेरियल आणलं, माझ्या मशीनवर ठेवलं आणि आत गेली. माप देईना. मग मी नजरेच्या अंदाजाने शिवला. इतक्या वर्षांनंतर टेलरची नजर टेपसारखीच चालते. ड्रेस तिला इतका चपखल बसला की खांद्याची रेघसुद्धा हलली नाही. मला वाटलं होतं की ती खूश होईल. ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, “न मापता बसला. म्हणजे तू मला रोज मापत असतेस.”

तिचं खरं होतं. मी तिला रोज मापत होते, सकाळी गाउनमध्ये, संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर. कुठे किती भरली हे मला इंचात माहीत होतं. आणि तरीही तिचे वडील कामावरून येताना समोसे आणायचे तेव्हा तिच्या ताटलीत दोन ठेवणारीही मीच होते.

त्याच वर्षी आयचे ब्लाउज सैल व्हायला लागले. गावात झालेल्या एका शिबिरात तिची साखर वाढलेली निघाली होती आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. आयने चहातली साखर सोडली. एवढीच. बाकी सगळं चालूच होतं. गणपतीला गेले तर तिच्या ब्लाउजची बाही दंडावर लोंबत होती. मी उसवून आत घेतला. आमच्या घरातल्या कुणाचा ब्लाउज आत घेण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. दिवाळीला पुन्हा आत घेतला, संक्रांतीला पुन्हा. गावातल्या बायका तिला म्हणायला लागल्या की काय जादू केलीस. आय आरशात बघून म्हणायची की मी पोरीसारखी झाले. तिने गोळ्याही बंद केल्या. बारीक झाले म्हणजे रोग गेला, असं तिला सगळ्यांनीच सांगितलं होतं. मला हे माहीत होतं आणि त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं.

माहेरी एका रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. मानसीने दुसऱ्यांदा वडा घेतला तेव्हा मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, “आजीकडे बघ. या वयात तिने करून दाखवलं. तुला का जमू नये?” मानसीने वडा परत ठेवला. त्यानंतर ती खाईनाशी झाली. सकाळी चहा, रात्री एखादी पोळी. एकदा कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन बसली. मी मात्र मनात म्हणत होते की चला, माझ्या बोलण्याचा उपयोग झाला.

उन्हाळ्यात आयच्या पायाला नवी चप्पल लागली. फोड आला, फुटला, तिला कळलाच नाही. दुखतच नव्हतं. वहिनीला वास आला म्हणून तिने पाय बघितला, तर अंगठा काळा पडला होता. हॉस्पिटलात नेलं. आधी अंगठा काढला, मग पाऊल अर्धं.

तिथला तरुण डॉक्टर मला, भावाला आणि मानसीला वॉर्डाबाहेरच्या आपल्या खोलीत घेऊन बसला. त्याने विचारलं की यांचं वजन कधीपासून उतरतंय. मी पटकन सांगायला लागले. गणपतीला किती उतरलं, दिवाळीला किती, संक्रांतीला किती, दंडात किती आणि कंबरेत किती. मला सगळं पाठ होतं. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “मग तेव्हाच का नाही आणलंत?”

मग त्याने समजावलं. साखर फार वाढली की पोटात अन्न जाऊनही अंगाला लागत नाही, माणूस आतून झिजत जातो. आय बारीक होत होती ते पथ्यामुळे नव्हे, दुखण्यामुळे. जे बघून मी नाचत होते ते तिचं आजारपण होतं आणि त्यावर मी माझ्या हाताने टिपा मारत होते. डॉक्टर पुढे म्हणाला की हे घराण्यात चालत आलेलं असतं, पण खाणं शेवटी ज्याचं त्याने आवरायला हवं. बोलताना त्याची नजर माझ्यावरून मानसीवर गेली आणि तिथून खाली टेबलावर. तो वाईट बोलला नाही. पण त्या खोलीत मला माझं शरीर कुठे ठेवू असं झालं. मी पदर पुढे ओढून घेतला. शेजारी मानसीने बॅग मांडीवर उभी धरली.

वॉर्डात गेलो तेव्हा आय जागी होती. भावाने आमच्या पुढे जाऊन तिला डॉक्टरचं बोलणं सांगून टाकलं होतं. तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “तू कशाला रडते, बाय? तोंड माजं, हात माजा. मला कोनी कोंबून भरवलं नाय.”

मानसी पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, “पण मला तू भरवलंस ना, आजी. मी नको म्हटलं की तू स्वतः जेवायची नाहीस.”

तिच्या आवाजात राग नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे वळून बघायला लागली. मी मानसीला गप्प करणार होते, पण आयने हात वर करून मला थांबवलं.

“व्हय,” ती म्हणाली. “भरवलं.”

आणि पांघरूण ओढून तिने तो बांधलेला पाय झाकला. वाडीत गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून, चारचौघांत मोकळेपणाने वावरणाऱ्या माझ्या आयला मी त्याआधी काही झाकताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्याबद्दल त्या दोघी काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आय त्यानंतर काही वर्षं जगली. काठी घेऊन ओटीपर्यंत यायची. वहिनी तिला मोजका भात वाढायची आणि ती कुरकुर न करता जेवायची, पण दुसऱ्याच्या ताटाकडे बघणं काही सुटलं नाही. मानसी आली की मात्र ती नजर दुसरीकडे वळवायची. “माज्या नातीला वाढू का?” असं वहिनीला विचारायची. मानसीला विचारायची नाही.

मानसीने उपाशी राहणं सोडलं. बोरिवलीला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे ती स्वतःच जायला लागली. मला चल म्हणाली होती, मी दुकानाचं कारण काढलं. ती काही किलो उतरली, थोडे परत आले. ज्याला लोक बारीक म्हणतात तशी ती कधी झाली नाही. नोकरीला लागली, चालायला जायला लागली, लग्न ठरलं. लग्नाच्या ब्लाउजसाठी एका दुपारी ती दुकानात आली आणि पडद्याआड हात वर करून उभी राहिली. कितीतरी वर्षांनी तिच्या अंगाला माझा टेप लागत होता. मी सवयीने आकडा मनातच ठेवला. ती म्हणाली, मोठ्याने सांग. बाहेर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी सांगितला. ती म्हणाली, बरं, आता कंबर.

आपण जाड का झालो याचा हिशेब मी खूपदा मांडला. आय म्हणाली तसं तोंड आपलं, हात आपला, हे खरंच आहे. मला कुणी बांधून खाऊ घातलं नाही, आणि वय वाढल्यावर तर मला सगळं कळत होतं. पण मानसी चार वर्षांची होती तेव्हा तिचं तोंड तिचं नव्हतं. ते आमच्या ताब्यात होतं. तिच्या पोटाला पुरे झाल्याचं ती सांगायची, आणि आम्ही ते मोडून काढलं. प्रेमाने काढलं असं म्हणायची सोय आहे. पण दुकानात सगळ्या बायकांची पोटं झाकता झाकता मी ती सोय फार वापरली.

मानसीचा मुलगा वर्षाचा झाला त्या सुमाराची गोष्ट. ती त्याला घेऊन आमच्याकडे आठवडाभर राहायला आली होती. मी त्याच्यासाठी मऊ भात केला, वर तुपाची धार सोडली आणि मांडीवर घेऊन भरवायला बसले. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, माऊचा झाला. मग त्याने तोंड फिरवलं. वाटीत अजून निम्मा भात होता. मी त्याला खिडकीतला कावळा दाखवला, तोंड उघडलं तसा घास घातला. त्याने पुन्हा मान वळवली, मी वाटी त्या बाजूला नेली. त्याने ओठ मिटून घेतले. मी बोटाने त्याची हनुवटी धरली.

मानसी समोर कपड्यांच्या घड्या करत होती. ती जवळ आली, खाली बसली आणि माझं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं.

“आई, पुरे. त्याचं पोट भरलंय.”

तिने मुलाला उचलून घेतलं. माझ्या बोटांत तो घास तसाच राहिला. मी तो वाटीत परत ठेवू शकले असते, कावळ्याला टाकू शकले असते. मी तो तोंडात घातला. अजून कोमट होता. मानसीने पाहिलं, आणि मुलाचं तोंड पुसायच्या निमित्ताने मान दुसरीकडे वळवली.